पावणेसहाचा नळ

आकाराम चौगुले कुणाच्याही घरी गेले की दाराच्या कडीला आधी पालथा हात लावायचे. नवख्या माणसाला वाटायचं, या गृहस्थाचं काहीतरी सोवळं-ओवळं आहे. तसलं काही नव्हतं. लोखंडात करंट असला आणि तळवा लागला तर मूठ आपोआप मिटते, मग ती उघडता उघडत नाही. हाताची पाठ लागली तर हात झटक्यासरशी मागे येतो. वायरिंगच्या धंद्यातला हा पहिला धडा. पण चाळीस वर्षांत तो आकारामांच्या अंगात इतका मुरला होता की फ्रिजला, शेजाऱ्याच्या सायकलीला, एसटीच्या दांड्याला आणि एकदा तर व्याह्यांच्या घरी जेवणाच्या ताटालाही त्यांनी पालथा हात लावून बघितला होता. त्यांची बायको बयाबाई शेजारणींना सांगायची, "लग्नात माझा हात धरायची यळ आली, तवाबी ह्यांनी आदी पालथा हात लावून बगिटला." हे धादांत खोटं होतं, पण आकारामांनी ते कधी नाकारलं नाही.

लोक त्यांना इन्स्पेक्टर म्हणायचे. सरकारी नव्हते ते. त्यांच्याकडे परवाना होता, आणि नव्या घराचं वायरिंग झालं की परवानावाल्यानं ते तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करावी लागते. त्याशिवाय मीटर मिळत नाही. कोल्हापुरातल्या निम्म्या पेठांत आणि शिरोलीच्या वाटेवरच्या साऱ्या नव्या वसाहतींत आकारामांची सही होती. तपासायला त्यांच्याजवळ एकच हत्यार असायचं. एक होल्डर, त्यात साठचा बल्ब, आणि होल्डरला दोन लांब वायरी. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला की अर्थिंग चांगलं, घर पास. मग मीटरच्या फळीवर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं 'तपासले, आ. चौ.' असं लिहून खाली तारीख टाकायची. "दिवा खोटं बोलत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि त्याच्या मागून दुसरं यायचंच: "मी पास केलेल्या घरात आजवर कुनाला साधी झिनझिनी आलेली न्हाय." लग्नाच्या पंगतीत, दाढीच्या दुकानात, कुठंही. स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची त्यांना खोड होती, पण काम बघून लोक ती चालवून घेत.

करवीर विद्युत तपासनीस मंडळ ही त्यांची दुसरी खोड. मंडळात कागदावर सव्वीस सभासद, खुर्च्यांवर नऊ. मंगळवार पेठेत एका तालमीच्या माडीवर दर दुसऱ्या शनिवारी दुपारी ते जमायचे. खाली पोरं जोर मारायची आणि वर हे लोक नियमांवर कुस्त्या खेळायचे. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ किती टाकावं, देवघरातल्या बोर्डाला वेगळा फ्यूज लागतो का, मेन स्विचनं एकच तार तोडावी की दोन्ही, या प्रश्नांवर तिथं माणसं वर्ष वर्ष एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मेन स्विचच्या वादात आकाराम कायम एका तारेच्या बाजूनं. करंट आणणारी फेज तोडली की झालं, तो परत नेणारी न्यूट्रल बिचारी गरीब तार, तिला कशाला हात लावायचा, असं ते म्हणत.

बैठकीच्या शेवटचा अर्धा तास लोकांसाठी खुला असायचा. दारात तसा फलकच होता. ज्याला शंका असेल त्यानं चिठ्ठी लिहायची आणि कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी मीटरपेटीत टाकायची. सेक्रेटरी विजयसिंह सरनोबत चिठ्ठ्या वाचायचे, जाणते उत्तरं द्यायचे. चिठ्ठी कुणाची, हे विचारायचं नाही, असा मंडळाचा दंडक. घरातला फॉल्ट सांगायला माणसाला लाज वाटते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या मार्चमधल्या शनिवारी विजयसिंहांनी एक चिठ्ठी उलगडली, स्वतःशी वाचली, आणि मग मोठ्यानं वाचली. 'नळाला थोडा करंट येतो. किती असला तर माणूस मरत नाही? तेवढाच कायम ठेवता येईल का?'

माडीवर हशा पिकला. "आमटी हाय व्हय, तिकट बेताचं ठेवा म्हनायला!" कुणीतरी ओरडलं. आकारामांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि उत्तर दिलं की नळाला एवढासाही करंट असता कामा नये, आजच्या आज वायरमन बोलवावा. बोलले खरे, पण तो 'कायम' शब्द त्यांच्या मनात कुसळासारखा रुतला. करंट घालवायचा कसा, हे विचारणारी माणसं त्यांनी हजारांनी पाहिली होती. ठेवायचा कसा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

पाठीमागच्या खुर्चीवरून एक बाई उठली. पन्नाशी उलटलेली, कपाळावर विभूती, अंगावर फिकट लुगडं. कुणाकडं न बघता ती जिन्याकडं निघाली. आकाराम मागोमाग गेले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मंडळाचा दंडक मोडला.

"अक्का, ती चिठ्ठी तुमची काय?"

"व्हय. तुमी उत्तर बरूबर दिलं न्हाईसा अण्णा." सीमेकडचा हेल होता बोलण्याला. "घालवायचं कुटं इचारलं मी?"

"करंट कवा कवा येतोय?"

"रोज. पावणेसहाला."

"पावणेसहालाच?"

"मग? कामावरनं ते त्याच यळंला येत्यात."

"कोन ते?"

एवढ्या साध्या गोष्टीचाही उलगडा होऊ नये, याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "आमचं मालक," ती म्हणाली. "तीन म्हैनं झालं जाऊन."

खाली तालमीत कुणीतरी कुणाला तरी धाडकन आपटलं.  तिनं पत्ता सांगितला, उद्या या म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चारच्या सुमारास ते पोचले. पेठेच्या मागच्या अंगाला एक बोळ, बोळाच्या शेवटी दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. कडीला पालथा हात लावून झाला. बाईचं नाव रत्नव्वा हत्तरकी. मूळची गडहिंग्लजची. नवरा नागाप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे काळ्या मातीचे साचे करणारा, होता. त्याच्या पगारातून आठ वर्षांपूर्वी हे घर उभं राहिलं. मुलगी शिवलीला गडहिंग्लजलाच दिलेली. ती आईला ये म्हणून रोज फोन करते आणि आई रोज नाही म्हणते.

आकारामांनी मीटरची पेटी उघडली आणि त्यांचा हात थबकला. फळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'तपासले, आ. चौ.' खाली आठ वर्षांपूर्वीची तारीख.

घर अजिबात आठवलं नाही. पाच-सहा हजार घरं केलेल्या माणसाला कुठलं आठवणार?  रत्नव्वाला ते काही बोलले नाहीत. पिशवीतून बल्ब काढला, एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला. त्यांच्या जिवात जीव आला. न्हाणीत गेले, गिझरखालच्या लोखंडी नळाला हाताची पाठ लावली. काही नाही. पुन्हा लावली, जरा जास्त वेळ.

"काय न्हाय अक्का. नळ साफ हाय. तुमाला भास होत असंल."

"साडेचार वाजल्यात अण्णा," रत्नव्वा म्हणाली. "बसा की. च्या ठेवतो."

चहा पिताना तिनं सांगितलं. नागाप्पा पावणेसहाला यायचा. चप्पल दारात, डबा कट्ट्यावर, आणि तसाच न्हाणीत. नखांत काळी माती भरलेली असायची, ती निघता निघायची नाही. हात धूत धूत तो दिवसभराचं सगळं तिथूनच मोठ्यानं सांगायचा आणि ती चुलीपाशी बसून उत्तर द्यायची. बाकी दिवसभर दोघं मुक्यासारखी. तीस वर्षांचा संसार, पण बोलणं काय ते त्या अर्ध्या तासात झालं.

"ते गेल्यावर बाराव्या दिवशी," ती म्हणाली, "मी तांब्या भराय गेलतो. पावणेसहाच हुतं. नळाला हात लावला आनि आतनं हात धरला की हो. लई हळू. बारक्या पोराचा धरत्यात तसा. मला भ्या न्हाय वाटलं. त्या दिसापासनं मला रडू न्हाय आलेलं. रडायचं कशाला? मानूस तर रोज येतंय."

आकारामांनी कपबशी खाली ठेवली. "अक्का, मेलेलं मानूस नळातनं येत न्हाय."

"तुमच्यात जाळत्यात," ती शांतपणानं म्हणाली. "आमच्यात न्हाई जाळत. मातीत बसवत्यात. मांडी घालून, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आमचं मालक मातीत बसल्यात. घराचं वायरिंग केलं तवा तुमच्या धंद्यातलाच वायरमन सांगत हुता, ही हिरवी तार मातीत जाती म्हनून. मग मातीतनं वर बी येत असंल की."

अर्थिंगचे सगळे नियम आकारामांना तोंडपाठ होते. पण मातीतून वर येणाऱ्या माणसाचा नियम त्यांत नव्हता.

साडेपाचला ते उठले. आता याचा सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यांनी ठरवलं. मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला. डोक्यावरचा पंखा दोन फेरे घेऊन थांबला, फ्रिजची घरघर बंद झाली. घर मेलं. आता या घरात दिवा पेटायचं काहीच कारण उरलं नव्हतं. मग त्यांनी बल्बचं एक टोक न्हाणीतल्या नळाला बांधलं आणि दुसरं अंगणात नेऊन महानगरपालिकेच्या लोखंडी पाइपाला. तो पाइप थेट जमिनीत जाणारा, बिनकरंटाचा; घरातल्या नळाशी त्याची जोडणी प्लॅस्टिकच्या नळीची. बल्ब न्हाणीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दोघं त्याच्याकडं बघत बसली.

पावणेसहा वाजले. बोळात पाणी सुटल्याची कुणकुण आली. भांड्यांचा आवाज झाला, मग एका घरातली पाण्याची मोटार घुर्र करून सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी.

बल्बच्या आतली तार लाल झाली.

आधी जेमतेम, ऊदबत्तीच्या टोकाएवढी. मग जराशी वाढली. मेन बंद, पंखा बंद, आणि उंबऱ्यावरचा तो बल्ब अंधूक लाल पेटून राहिला. कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा. श्वास चालावा तसं चाललं होतं.  चाळीस वर्षांत त्यांनी बंद घरात दिवा पेटलेला पाहिला नव्हता.

रत्नव्वा उठली. पदर खोचला. भिंतीला टेकवलेला लाकडी पाट तिनं नळाखाली टाकला आणि त्यावर उभी राहिली.

"अक्का, हात लावू न्हका!" आकाराम ओरडले.

तिनं तळवा नळावर ठेवला होता. "पाटावर हुबा राह्यलो की सोसतंय," ती मान न वळवता म्हणाली. "खाली फरशीवर पाय टेकला की लई जोरात धरत्यात."

आणि ती बोलू लागली. नळाशी. आज ऊन फार होतं, शिवलीलाचा फोन आला, तिच्या पोराला दात आला, हे एक अण्णा आल्यात तालमीवरचे, चांगले आहेत. अधूनमधून थांबायची, ऐकल्यासारखं करायची, हुंकार द्यायची. आकाराम उंबऱ्यावर उकिडवे बसून त्या लाल तारेकडं बघत होते. रत्नव्वानं विचारलं, "जेवलासा न्हवं?" आणि बल्ब दोनदा वर गेला, दोनदा खाली आला. कुणीतरी मोटार बंद-चालू केली असणार. तसंच असणार. पुढं मंडळात त्यांनी या घराची सगळी हकिगत सांगितली, पण एवढी गोष्ट कधीच सांगितली नाही.

भीती घालवायचा आकारामांना एकच उपाय ठाऊक होता, काम. ते उठले, रबरी हातमोजे चढवले, गिझरच्या सॉकेटची प्लेट खोलली आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. आत टीचभर लांबीचा वायरचा तुकडा होता. न्यूट्रलवरून निघून अर्थिंगच्या भोकाला जोडलेला.

त्यांना सगळं एका क्षणात समजलं. हिरवी तार मातीत गेलीच नव्हती. वायरमननं खड्डा खणायचा कंटाळा केला आणि अर्थिंगच्या जागी न्यूट्रलचाच लूप मारून दिला. न्यूट्रल म्हणजे करंटाच्या परतीची वाट. या बोळातल्या पाच-सहा घरांची ही वाट पुढं एकच होती, आणि खांबाजवळ कुठंतरी तिचा जोड ढिला झाला होता. पावणेसहाला सगळ्या मोटारी एकदम लागल्या की परतीच्या करंटाला तिकडं वाट पुरायची नाही, मग तो या तुकड्यातून गिझरवर यायचा, गिझरवरून नळावर. मेन स्विच एकच तार तोडत होता, आणि करंट दुसरीनं येत होता. ती बिचारी गरीब तार.

आणि दिवा? असला लूप असला तरी दिवा लख्ख पेटतो. खऱ्या अर्थिंगला पेटतो तस्साच. दिवा खोटं बोलला नव्हता. पेटला म्हणजे झालं, असं म्हणून आकारामांनी आत डोकावलंच नव्हतं. प्लेटचे दोन स्क्रू. दोन मिनिटांचं काम. पाच-सहा हजार घरांत त्यांनी ते एकदाही केलं नव्हतं.

"अक्का," त्यांनी सॉकेटवरची नजर न काढता विचारलं, "मालक गेलं कसं?"

"हार्ट. डाक्टरनं तसंच लिव्हून दिलं." ती नळावरून हात काढून पाटावरून उतरली. "हितंच गेलं की. कामावरनं आलं, हात धुयाला वाकलं. बोलत हुते. मधीच गप झालं. मी येऊन बगतो तर नळ धरून खाली बसल्यात. मी खांद्याला धरून वढलं, मला बी कायतर लागल्यागत झालं, पर त्या यळंला ध्यान कुनाला? नळाची मूठ सुटंचना. शेजारची मानसं आली, त्यांनी बोटं एकेक करून सोडवली." तिनं पदराला हात पुसले. "जाऊ वाटत नसंल त्येस्नी."

मूठ का सुटली नाही, हे आकारामांइतकं चांगलं कोल्हापुरात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? त्या दिवशी खांबावरचा जोड जरा जास्त सुटला असेल, फरशी ओली, पाय अनवाणी.  पाणी बघून येतो असं काहीतरी पुटपुटत ते बाहेर पायरीवर आले आणि विजयसिंहांना फोन लावला. सगळं सांगितलं.

विजयसिंहांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आकाराम, त्यो तुकडा तोड आनि घरला ये. डाक्टरनं हार्ट लिव्हलंय न्हवं? तू कशाला उकरत बसतोस? तिचं मानूस परत येनार हाय व्हय? तुजं नाव त्या फळीवर हाय, आनि उद्या आख्ख्या मंडळाच्या तोंडाला काळं."

खोटं का सांगा, आकारामांना ते ऐकून बरं वाटलं. फळीवरची पेन्सिल अंगठ्यानं पुसली तरी जाते. बाईला सांगायचं, शेजारच्या मोटारीचा फॉल्ट होता, काढला. ती रडेल, चार दिवसांनी मुलीकडं जाईल. कुणाचं काही बिघडणार नाही. फोन खिशात घालून ते आत आले. तर रत्नव्वा न्हाणीच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी.

"तुमी तोडनार हाईसा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसतंय."

"अक्का, ढिला जोड हाय. आज झिनझिन्या हाईत. उद्या पुरता सुटला की त्या पाटावर बी तुमी वाचत न्हाईसा."

"मग जाईन की त्यांच्यासंगं. पाया पडतो अण्णा, तोडू नका. कमी करून ठेवा. जराच. हात लावला की कळंल एवढं."

"तसं ठेवता येत न्हाय."

"तुमी मोठं इन्स्पेक्टर हाईसा. तुमाला येतंय. तुमी मनावर घेत न्हाईसा."

ढकलून आत जायचं तर पुरुषमाणूस, गेले असते. तोडून निघाले असते. पण मग ही बाई उद्या दुसरा वायरमन बोलवेल, तो तुकडा पुन्हा लावून घेईल, आणि तिला हो म्हणणारा कुणीतरी भेटेलही. नळात नवरा आहे असं तिला वाटतंय तोवर ती त्या नळाला हात लावणार. हे आकारामांना स्वच्छ दिसलं, आणि विजयसिंहांनी दिलेली सगळी पळवाट तिथंच संपली. त्यांनी हातमोजे काढून पिशवीत टाकले.

"अक्का, ऐका. ह्यात तुमचं मालक न्हाईत. ज्यानं मालकास्नी न्हेलं, त्यो ह्यात हाय."



"हार्ट न्हवं. करंटानं गेलं ते. मूठ करंटानं मिटली, म्हनून सुटली न्हाय. तुमाला जे हळू धरतंय, त्येनंच त्यांना त्या दिशी जोरात धरलं. आनि हे घर," त्यांनी मीटरच्या पेटीकडं बोट केलं, "हे घर तपासून पास मी केलंय. आठ वर्सामागं. ही प्लेट खोलून बगायची हुती. बगिटली न्हाय मी."

बोळात मोटारी चालूच होत्या. उंबऱ्यावर बल्ब लाल होत होता, मावळत होता. रत्नव्वाचे हात चौकटीवरून हळूहळू खाली आले.  शिवी देईल, ओरडेल, अंगावर धावून येईल, याची त्यांनी मनाची तयारी केली होती. पण ती वळली आणि नळाकडं तोंड करून उभी राहिली, पाटाच्या अलीकडं, हातभर लांब.

"एवढं दिस मी बोललो तुज्यासंगं," ती नळाला म्हणाली. "घरातलं समदं सांगिटलं. लेकीचं, नातवाचं. तू कोन हाईस त्ये एकदा बी सांगिटलं न्हाईस."

तो आवाज आकाराम आयुष्यात विसरले नाहीत. इतका हळू होता, आणि नवऱ्याशी बोलण्याचा नव्हता.

मग ती बाजूला सरली. "तोडा," म्हणाली.

आकारामांनी पुन्हा मोजे चढवले. मीटरपाशी जाऊन घराच्या दोन्ही तारा काढल्या, गरीब आणि श्रीमंत दोन्ही. मग सॉकेटमधला तो टीचभर तुकडा पकडीनं ओढून काढला. उंबऱ्यावरचा बल्ब तारा सुटल्या तेव्हाच विझला होता. मोटारी चालू होत्या, पाणी चालू होतं, आणि बल्ब काळा पडून होता.

रत्नव्वानं पाट पायानं बाजूला सारला, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिली आणि नळ धरला. आकाराम हो-नाही म्हणायच्या आत. दोन्ही हातांनी, घट्ट. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बोळातली पहिली मोटार बंद झाली. ती फरशीवर बसली आणि हंबरडा फोडून, नवऱ्याच्या हातांची, डब्याची, नखांतल्या मातीची नावं घेत रडू लागली. तीन महिन्यांचं सगळं एकदम.

शेजारणी भरल्या घागरी टाकून धावल्या. बोळभर गर्दी झाली. "काय झालं गं रत्नव्वा? कोन गेलं?"

"मालक गेलं," ती म्हणाली. "मालक गेलं माजं."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकीनं तिला पोटाशी धरलं, दुसरीनं पाणी आणलं. एक म्हातारा आत आला. पकड हातात घेऊन कोपऱ्यात उभ्या असलेल्या आकारामांकडं त्यानं बघितलं आणि गडहिंग्लजकडचं कुणी आलं असेल असं समजून त्यानं खुर्ची पुढं केली. "बसा पावणं," तो हळूच म्हणाला. "मयताचं तुमी कोन?"

आकाराम बसले नाहीत. "कोन न्हवं," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी ह्यांचं घर तपासलं हुतं."